नॉब बारावर आहे, पण आवाज किती आहे?

विचारलेलं थोडक्यात असं: सांगलीत विश्रामबागेला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉल १२ बाय १६ फुटांचा. शेल्फवर ठेवायची छोट्या स्पीकरची जोडी, कागदावर ८६ डेसिबल आणि ८ ओहम. अ‍ॅम्प्लिफायर दर बाजूला ५० वॅटचा. सोफा स्पीकरपासून नऊ फुटांवर. रोज संध्याकाळी तीन तास ऐकणं, त्यात निम्मी सिनेमाची गाणी, निम्मं ख्याल आणि नाट्यसंगीत. नॉब घड्याळातल्या बारावर असतो. तीन फोनांवरच्या अ‍ॅपनी ६८, ७७ आणि ८१ असे तीन आकडे दाखवले. वडील म्हणतात आवाज फार आहे, तुम्हाला तो बेताचा वाटतो. मीटर विकत न घेता खरा आवाज कळेल का, आणि कानाला धोका आहे का?

कळेल, चार-पाच डेसिबलच्या फरकाने. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा अंदाज असा की सोफ्यावर सिनेमाच्या गाण्याला सरासरी ७० ते ७६ डेसिबल पोचत असावेत आणि ख्यालाला त्याहून बरेच कमी. हे खरं निघालं तर रोज तीन तासांनी कानाला इजा होणार नाही. पण माझ्या अंदाजावर थांबू नका. तासाभरात हे घरीच काढता येतं. मी मिरजेत २९ वर्षं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती आणि स्पीकर बांधणीचं काम करतो, त्यातली बरीच वर्षं माझ्याकडेही मीटर नव्हता.

नॉबचं आधी. बारावर म्हणजे निम्मा आवाज, असं पुष्कळ जण धरतात. नॉब हा पाण्याच्या नळासारखा आहे. नळ किती फिरवला यावरून टाकीत दाब किती आहे ते कळत नाही. सीडी प्लेयर साधारण २ व्होल्ट देतो, फोन अर्धा ते एक व्होल्ट. त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर, त्याच नॉबवर, अर्धा व्होल्ट देणारा फोन काढून सीडी प्लेयर लावला तर आवाज १२ डेसिबलनी चढतो. शिवाय कितीतरी अ‍ॅम्प्लिफायर बारा-एकच्या दरम्यानच पूर्ण ताकद देऊन मोकळे होतात, पुढची जागा नुसती आवाज फाटण्यासाठी उरते. त्यामुळे “मी नऊवरच ऐकतो” किंवा “बारावर ऐकतो” यातून दुसऱ्याला काहीही कळत नाही. खोक्यावर छापलेल्या ‘पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल ताकद म्हणून सांगितलेल्या) वॅटबद्दल तर बोलायलाच नको. तो आकडा मोजून आलेला नसतो.

आता कान. एकटा आवाज कानावर पडला तर तो ६५ आहे की ७५ हे माझाही कान सांगू शकत नाही. पण दोन आवाज पाठोपाठ ऐकवले तर कुठला मोठा हे कुणीही सांगेल. नीट ऐकलं तर एका डेसिबलचा फरक जेमतेम कळतो, तीनचा सरळ कळतो, आणि दहा वाढले की आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. दुसरं असं की कान सरावतो. मी एकदा दुकानातल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉबवर सकाळी पेन्सिलीने खूण केली आणि दिवसभर सवयीने काम करत राहिलो. संध्याकाळी नॉब खुणेच्या बराच पुढे होता, आणि मला आवाज सकाळइतकाच वाटत होता. तुम्हाला ‘बेताचा’ वाटणारा आवाज तिसऱ्या तासाला कुठे असतो, हे म्हणूनच तपासायला हवं.

म्हणजे कानाला आकडा विचारायचा नाही, तुलना विचारायची. तुलनेला घरात सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे माणसाचा आवाज.

साध्या गप्पांतला आवाज एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतो. जरा चढवलेला ६८ च्या आसपास, मोठ्याने बोललेला ७५, आणि ओरडलेला ८२ च्या पुढे. माणसामाणसात फरक असतो, पण पायऱ्या अशाच. सोफ्यावर हाताच्या अंतरावर दोघं बसा, गाणं नेहमीच्या आवाजात लावा आणि बोला. साध्या आवाजात आरामात बोलणं झालं तर गाणं ६५ च्या खाली आहे. आवाज थोडा चढवावा लागला तर ६५ ते ७५. “काय म्हणालास?” असं दोनदा विचारावं लागलं, मुद्दाम मोठ्याने बोलावं लागलं, तर तुम्ही ८० च्या वर आहात. ओरडल्याशिवाय भागत नसेल तर ८५ ओलांडलेत.

यात एक फसवणूक आहे. गोंगाट वाढला की आपण आपोआप मोठ्याने बोलतो आणि ते आपल्याला कळतही नाही. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे दाखवून दिलं, त्यामुळे त्याला लोंबार परिणाम म्हणतात. म्हणून तिसऱ्या माणसाच्या हातात रिमोट द्या आणि तुमचं वाक्य अर्ध्यावर असताना त्याला गाणं एकदम बंद करायला सांगा. शांत झालेल्या हॉलमध्ये तुमचा स्वतःचा आवाज केवढा लटकतो ते ऐका. साधाच वाटला तर ठीक. भाजीबाजारात भाव विचारावा तसा वाटला तर गाण्याचा आवाज तुमच्या समजुतीपेक्षा मोठा आहे. ही चाचणी मी गिऱ्हाइकांच्या घरी नेहमी करतो. सरावलेला कानही तिला फसवू शकत नाही.

घरगुती आवाजांचे तक्ते फिरतात, त्यात मिक्सर अमुक, कुकरची शिट्टी तमुक, पंखा इतका असं लिहिलेलं असतं. मी ते वापरत नाही. किती अंतरावरून, कुठल्या खोलीत, हे त्यात नसतं. मिक्सर कानापाशी एक आणि हॉलच्या टोकाला दुसराच.

फोनच्या अ‍ॅपचं काय करायचं? तीन फोन तीन आकडे दाखवतात यात नवल नाही. प्रत्येक फोनचा माइक वेगळा, त्यावरचं कव्हर वेगळं. बऱ्याच फोनांत बोलणं नीट ऐकू यावं म्हणून खालचे सूर कापलेले असतात, आणि काहींत लहान आवाज वाढवून मोठा आवाज दाबणारी आपोआप व्यवस्था चालू असते. त्यामुळे आकडा खरा मानू नका. पण दोन आकड्यांमधला फरक बहुतेक वेळा खरा असतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. तो खरा आहे की नाही हेही पडताळता येतं. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. त्यात १००० हर्ट्झचा सूर दोनदा तयार करा, एकदा अ‍ॅम्प्लिट्यूड ०.१ ठेवून आणि एकदा ०.०३१६ ठेवून. या दोन सुरांत बरोब्बर १० डेसिबलचा फरक आहे. नॉबला हात न लावता दोन्ही वाजवा, फोन सोफ्यावर एकाच जागी ठेवा. अ‍ॅपनेही नऊ ते अकराचा फरक दाखवला तर तो फोन कामाचा. चार-पाचच दाखवला तर तो आवाज दाबतोय, त्याला बाजूला ठेवा आणि दुसरा फोन घ्या. तुमच्या तिघांपैकी एक तरी या परीक्षेत पास होईल.

पास झालेल्या फोनसमोर एक मीटरवर घरातल्या कुणाला तरी बसवा आणि मिनिटभर साधं बोलायला सांगा. पेपर वाचायला देऊ नका, वाचताना माणूस आपोआप मोठ्याने वाचतो. आज जेवायला काय करायचं, एवढा विषय पुरे. पंखा बंद ठेवा, कारण पाचवर फिरणारा पंखा स्वतःच ४५-५० पर्यंत जातो. बोलण्याची सरासरी ६० धरायची. अ‍ॅपने ६७ दाखवली तर तुमचा फोन सात जास्त दाखवतो. मग गाणं लावा, फोन सोफ्यावर कानाच्या उंचीला धरा, दोन मिनिटांची सरासरी घ्या, त्यातून सात वजा करा. दोघा-तिघांच्या आवाजावर हे करून मधला आकडा घेतला तर चूक आणखी कमी होते.

आता माझी आवडती रीत, मल्टिमीटरची. तुमच्याकडे वायरच्या टोकांवर लावायचे स्पीकर आहेत आणि कागदावर ८६ हा आकडा आहे, म्हणून ती तुम्हाला जमेल. ब्लूटूथच्या बंद डब्याला किंवा साउंडबारला जमणार नाही, त्यांनी वरच्या दोन रीतींवर भागवावं.

८६ डेसिबल म्हणजे काय? स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर समोर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट. तेव्हा तुमच्या नेहमीच्या नॉबवर स्पीकरला किती व्होल्ट जातात एवढं कळलं की बाकीचं कागदावर होतं.

अडचण अशी की बाजारातल्या अडीचशे-तीनशे रुपयांच्या पिवळ्या मल्टिमीटरला एसी व्होल्टच्या दोनच जागा असतात, २०० आणि ७५०. गाणं ऐकताना स्पीकरवर पाव ते एक व्होल्ट असतो, तिथे २०० ची जागा ०.३, ०.५ असलं काहीतरी दाखवत बसते. यावर मी एक युक्ती वापरतो. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी काढून ठेवतो. ट्रान्झिस्टरच्या किंवा आयसीच्या अ‍ॅम्प्लिफायरचे व्होल्ट स्पीकर असला-नसला तरी जवळजवळ तेच राहतात. म्हणजे आवाज न करता पूर्ण ताकदीचा सूर वाजवून मोजता येतं. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, अ‍ॅम्प्लिफायरला मात्र हे कधीही करू नका. स्पीकर न जोडता तो चालवला तर आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

ऑडॅसिटीत २०० हर्ट्झचा सूर अ‍ॅम्प्लिट्यूड १ ठेवून मिनिटभराचा बनवा. २०० च घ्यायचा, कारण स्वस्त मीटर साधारण ४० ते ४०० हर्ट्झपर्यंतच खरं बोलतात. तुम्ही ज्या फोनवरून गाणी लावता त्याच फोनवर, त्याच आवाजाच्या रेघेवर, त्याच वायरने किंवा ब्लूटूथने तो लावा. टोन, बास, लाउडनेस असलं काही चालू असेल तर बंद करा. नॉब आधी शून्यावर, मग हळूहळू बारावर. मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, ते दोनदा बघा. १० अँपिअरच्या भोकात राहिली तर तुम्ही अ‍ॅम्प्लिफायरची दोन टोकं सरळ एकमेकांना जोडाल. अशाने जळलेले आउटपुट माझ्या टेबलावर दर दोन-तीन महिन्यांनी येतात. दोन्ही टोकं एकाच बाजूच्या लाल-काळ्या टर्मिनलला लावा, डाव्या-उजव्याची सरमिसळ नको.

धरा, मीटरने ४ व्होल्ट दाखवले. तुमच्या बारावरच्या नॉबला रेकॉर्डिंगमधला सगळ्यात मोठा सूर ४ व्होल्टांचा होतो, एवढाच याचा अर्थ. मीटर थोडा चुकला, ३.५ किंवा ४.५ दाखवले, तरी घाबरू नका. डेसिबलमध्ये ती चूक एकच्या आसपास भरते.

गाणं काही सतत पूर्ण ताकदीवर वाजत नाही. हल्लीचं सिनेमाचं गाणं यूट्यूबवरून ऐकलं तर त्याची सरासरी पूर्ण ताकदीच्या साधारण १२ डेसिबल खाली असते. मोकळ्या पद्धतीने ध्वनिमुद्रित केलेल्या ख्यालाची २० खाली, कधी त्याहूनही. १२ खाली म्हणजे व्होल्ट पावपट, चाराचा एक. २० खाली म्हणजे दहावा हिस्सा, ०.४ व्होल्ट.

आता हिशेब. १ व्होल्ट हे २.८३ पेक्षा ९ डेसिबल कमी. ८६ मधून ९ गेले, ७७. स्पीकर दोन आहेत, तीन मिळवा, ८०. हे झालं एक मीटरवर. तुम्ही बसता नऊ फुटांवर, म्हणजे पावणेतीन मीटर. उघड्या मैदानात एवढ्या अंतराला जवळजवळ ९ डेसिबल गळतात, कारण अंतर दुप्पट झालं की ६ जातात. पण हॉलमध्ये भिंती, स्लॅब आणि फरशी आवाज परत फेकतात, तेव्हा गळती कमी होते. प्लास्टरच्या भिंती, टाइल्स आणि एक सोफा एवढंच असलेल्या तुमच्या हॉलसारख्या खोलीत मी ५ ते ६ धरतो. जाड पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं असतील तर ७. सहा वजा केले, ७४ राहिले. सिनेमाचं गाणं सोफ्यावर सरासरी ७४. त्यातला सगळ्यात मोठा ठोका याच रीतीने ८६ पर्यंत जातो. आणि ख्याल, ०.४ व्होल्टांवर, ६६.

नॉब तिथेच आहे आणि सरासरीत आठ डेसिबलचा फरक पडला. तुमच्या घरातला निम्मा वाद इथेच असावा असं मला वाटतं. यूट्यूब फार चढवलेली गाणी खाली ओढतं, पण हळू रेकॉर्डिंग वर उचलत नाही. तुम्ही ख्यालासाठी नॉब बसवता, तो संपून सिनेमाचं गाणं लागतं आणि आतल्या खोलीत वडिलांना आवाज एकदम अंगावर आल्यासारखा होतो.

आणखी एक गोष्ट या हिशेबात दिसते, ती मला दरवेळी सुखावते. ८ ओहमला १ व्होल्ट म्हणजे वॅटचा आठवा हिस्सा. ५० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून तुम्ही सरासरी एवढंच वापरता. बाकीचं त्या अधूनमधून येणाऱ्या ठोक्यांसाठी राखीव असतं, आणि तिथेही २ वॅट पुरतात. १०० वॅटचा नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा विचार मनात असेल तर पैसे वाचवा. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल मिळतात.

या हिशेबातली कच्ची जागा म्हणजे तो ८६ चा आकडा. कागदावरचे आकडे बहुतेक वेळा दोन-तीनने फुगवलेले असतात. आणि स्पीकर ४ ओहमचा असताना २.८३ व्होल्टवर मोजलेला असेल, तर वॅटच्या हिशेबात तो ३ ने जास्त दिसतो, कारण तिथे एक नव्हे, दोन वॅट जातात. आपण व्होल्टचाच हिशेब धरला म्हणून आपल्याला त्याने फरक पडत नाही. फोनच्या रीतीने आलेला आकडा आणि हा आकडा चार डेसिबलच्या आत जुळले तर दोन्हींवर विश्वास ठेवा. जास्त फरक निघाला तर मी आधी फोनवर संशय घेईन, मग खोलीच्या गळतीवर.

आता आकड्यांच्या पलीकडचं, पण मला फार महत्त्वाचं वाटणारं. किती आवाजात ऐकावं?

माझं दुकान सतारमेकरांच्या वस्तीपासून चालत पाच मिनिटांवर आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मला त्या गल्लीचा उपयोग फार आधीपासून होतोय. नवीन स्पीकर बांधला की मी तिथे जाऊन बसतो, जवारी (तारेला झणकार देणारी घोडीची घासणी) लावत असलेला तंबोरा दहा मिनिटं चार-पाच फुटांवरून ऐकतो आणि तोच आवाज डोक्यात धरून परत येतो. मग तंबोरा आणि गाणं असलेलं रेकॉर्डिंग लावतो आणि नॉब अशा जागी आणतो, की तंबोरा खऱ्या तंबोऱ्याएवढा व्हावा, त्याहून मोठा नाही आणि लहानही नाही. उरुसाच्या वेळी दर्ग्यातल्या संगीत सभेला तुम्ही येत असाल, तर पुढे जाऊन जितक्या जवळ बसता येईल तितकं बसा आणि तो आकार लक्षात ठेवा.

याला शास्त्राचा आधार आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज कमी झाला की कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतात. म्हणून खरा तबला ज्या आवाजात वाजला त्याहून हळू लावला की डग्ग्याचा घुमारा आधी नाहीसा होतो आणि नुसती चाट उरते. जास्त मोठा लावला की डग्गा फुगतो, गायकाच्या छातीत कुणी ढोल ठेवल्यासारखं वाटतं. त्यामुळे डग्गा हा ख्यालाच्या रेकॉर्डिंगमधला फुकटचा मीटर आहे. तो डाव्या हाताखाली दाबला जातोय असं ऐकू आलं, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कळली आणि तरी तो पसरला नाही, की तुम्ही खऱ्या आवाजाच्या जवळ आहात. तुमच्या हॉलमध्ये ती जागा ६५ ते ७२ च्या मध्ये कुठेतरी येईल. रात्री हळूच ऐकायचं असेल तेव्हा लाउडनेसचं बटण लावायला काही हरकत नाही, ते याचसाठी केलेलं आहे. नेहमीच्या आवाजाला मात्र ते बंद ठेवा.

धोक्याचं बोलू. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्या माणसांसाठीचा धरबंध असा आहे, की ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत. हा आकडा फोन-हेडफोनसाठी काढलेला आहे, पण कानाला आवाज कुठून आला याचं काही नसतं. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. तुमचे आठवड्याचे २१ तास होतात. तुमची मर्यादा म्हणजे सरासरी ८३ च्या जरा खाली. ७४ वर तुम्ही तिच्यापासून पुष्कळ लांब आहात. शिवाय आरोग्याचे आकडे खालचे सूर कमी धरून मोजतात आणि आपण ते पूर्ण धरले, तेव्हा खरा भार याहून कमीच.

मी एवढं जपून का सांगतो, तेही सांगतो. सुरुवातीची बारा-तेरा वर्षं मी लाउडस्पीकरचे कर्णे दुरुस्त करून डाव्या कानाजवळ धरून तपासायचो. दुखत नसे, म्हणून ठीक असणार असं धरलं होतं. आज तपासणीच्या आलेखावर माझ्या डाव्या कानाला ४००० हर्ट्झपाशी खोल खड्डा आहे. अतिआवाजाने खराब झालेल्या कानाची ती ओळखीची खूण. तंबोऱ्याच्या जवारीतली जी बारीक झळाळी असते ती मला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, आणि ती परत येणार नाही. त्यामुळे ऐकणं संपल्यावर कानात सूं आवाज येत असेल, किंवा कानात कापूस घातल्यासारखं वाटत असेल, तर कुठलाही हिशेब काहीही सांगो, त्या दिवशी जास्त झालेलं असतं. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी वर सांगितलेल्या, कानाने करायच्या चाचण्या करू नका. मिरजेची मिरवणूक उजाडून गेलं तरी चालते. डीजेजवळ तासभर उभा राहिलेला कान पुढचा सगळा दिवस बधिर असू शकतो, आणि बधिर कानाला सगळंच कमी वाटतं.

वडिलांकडे येतो. तुम्ही लिहिलंय की ते टीव्हीवरच्या बातम्यांना आवाज वाढवायला सांगतात आणि गाण्याला कमी करायला, म्हणून त्यांचं म्हणणं तुम्हाला लहरी वाटतं. ते लहरी नाही. वयाने आतला कान थकतो तेव्हा हळू आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे वाटतात, कधी कधी जास्तच टोचतात. हळू आणि त्रासदायक यांच्यामधली जागा अरुंद होते. बातम्यांतली व्यंजनं त्यांना मिळत नाहीत आणि गाण्यातली झांज टोचते, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. त्यांच्यासाठी नॉब कमी करण्याआधी ट्रेबल दोन खुणा कमी करून बघा, आणि ख्यालानंतर सिनेमाचं गाणं लागणार असेल तर मध्ये उठून नॉब आठ डेसिबलनी खाली आणा. ती जागा एकदा मल्टिमीटरने शोधून ठेवा. ४ व्होल्टच्या जागी १.६ दाखवतो तिथे ठिपका द्या. बारावर एक ठिपका ख्यालाचा, खाली दुसरा गाण्याचा. मग संध्याकाळी नॉब आपोआप सरकतो आहे का, तेही दिसेल. त्यांची एकदा कानाची तपासणीही करून घ्या. मिरजेत ती सहज होते आणि अर्ध्या तासाचं काम आहे.

शेजाऱ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण फ्लॅट आहे म्हणून एवढंच. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. ती तुमच्या सोफ्यावर नाही, बाहेर मोजतात. भिंत मधले सूर चांगले अडवते, खालचे अडवत नाही. दार लावून जिन्यात उभे राहा. शब्द ऐकू येत नाहीत पण डग्ग्याचा ठोका मोजता येतोय, असं असेल तर स्पीकर कोपऱ्यातून दीड-दोन फूट बाहेर ओढा. कोपरा खालचे सूर वाढवतो.

मोजून झालं की मला चार गोष्टी कळवा: बारावर आलेले व्होल्ट, फोनने बोलण्याला आणि गाण्याला दाखवलेले दोन आकडे, स्पीकरच्या मागच्या पट्टीवर ओहमपुढे खरोखर काय छापलंय ते, आणि गाणं एकदम बंद केल्यावर तुमचा आवाज कसा लटकला ते. फोटो पाठवलात तर पट्टी मीच वाचून घेईन.